व्हिन्सेन्स १७७९ : गाव उभं राहिलं, आता पुराचं पाणी

मंडळी, व्हिन्सेन्सच्या लढाईच्या डायोरामात (लढाईच्या छोट्या देखाव्यात) गावाशेजारच्या वाबाश नदीचा काठ मागेच झाला होता. या खेपेला त्यावर गावातली घरं बसली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : व्हिन्सेन्स हे आजच्या इंडियाना राज्यातलं, फ्रेंचांनी वसवलेलं फरच्या व्यापाराचं छोटं गाव. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात डिसेंबर १७७८ मध्ये डेट्रॉइटचा ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नर हेन्री हॅमिल्टन याने ते घेतलं आणि तिथल्या फोर्ट सॅकव्हिलमध्ये मुक्काम ठोकला. किल्ल्यात किती शिबंदी आहे ही खबर फ्रान्सिस व्हिगो या व्यापाऱ्याने कास्कास्किया या गावी अमेरिकन फौजेचा म्होरक्या जॉर्ज रॉजर्स क्लार्क याच्याकडे पोचवली. क्लार्क साधारण १७० माणसं घेऊन निघाला, त्यांत जवळपास निम्मे फ्रेंच. भर फेब्रुवारीत, पुराच्या गार पाण्यातून वाट काढत ते २३ तारखेला गावात शिरले. २५ तारखेला हॅमिल्टन शरण आला.

या लढाईचं मॉडेल म्हटलं की सगळ्यांना किल्लाच हवा असतो. मी तो मागच्या कोपऱ्यात नेलाय, पुढे अख्खं गाव. कारण पारडं फिरवलं ते गावाने. क्लार्कच्या तोफा घेऊन निघालेली ‘विलिंग’ नाव अजून वाटेतच होती, आणि माणसांकडची बंदुकीची दारू पाण्याने नासलेली. गावकऱ्यांनी इंग्रजांच्या नजरेआड पुरून ठेवलेली दारू उकरून दिली, म्हणून त्या रात्री बंदुका चालल्या. एवढी माणसं गल्लीबोळांतून आली, तरी किल्ल्यात कुणी वर्दी दिली नाही! म्हणून एका परसात, कुंपणाला लागून, उकरलेली ओली माती आणि अर्धवट वर आलेलं पिंप दाखवलंय. अख्ख्या बेसवर माझी सगळ्यात आवडती जागा तीच.

घरांना वेळ गेला, पण घाई करून चालणार नव्हतं. आडव्या ओंडक्यांचं नेहमीचं अमेरिकन केबिन इथे शोभत नाही. फ्रेंच पद्धतीत ओंडके उभे, थेट जमिनीत रोवलेले, मधल्या फटी मातीने लिंपलेल्या आणि वरून चुन्याचा हात. १:७२ स्केलला बांबूच्या काड्या उभ्या चिकटवल्या, फटींत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरला. पांढरा रंग पूर्ण न देता ड्राय ब्रश केला (जवळजवळ कोरड्या ब्रशने हलकेच फिरवला), म्हणजे काडीचा रंग खालून डोकावतो. तळाशी तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात) हवाच, ओल तिथूनच चढते.

गावाबाहेरच्या उंचवट्याची उंची मात्र नीट मोजून घेतली. क्लार्कने माणसं त्याच्या आडून फिरवली, भरपूर झेंडे मिरवले आणि फौज मोठी असल्याचा भास केला. त्यामुळे गावाच्या बाजूने वाकून पाहिलं तर फक्त झेंडे दिसतात. मागून पाहिलं की खाली मूठभर चिखलाने माखलेली माणसं.

आता पाणी. गढूळ, उथळ, मधेच गवताची टोकं वर आलेली. रेझिनमध्ये रंग आधी मिसळावा की तळाला रंग देऊन वर पारदर्शक थर ओतावेत? ज्यांनी पूर केलाय त्यांनी फोटोसकट सांगा.