कुंडलिकेत यथेच्छ भिजलो!

आज कोलाडला राफ्टिंग. सकाळी लवकरच पोचा असं बजावलं होतं, कारण ही नदी भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की जोर धरते. मुळशी धरणाचं पाणी घाटावरून नळांनी खाली भिऱ्याला येतं, १९२७ पासून तिथे वीज तयार होते, आणि मग ते कुंडलिकेत. खरं तर मुळा नदीचं हे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. आता रेवदंड्याला अरबी समुद्रात मिळतं. (याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, हे लेकाला राफ्टमध्ये सांगायला गेलो. "बाबा, वल्हं मारा!")

पहिल्या खळाळापर्यंत बायकोने माझा दंड सोडला नाही. दुसऱ्यापासून तीच सगळ्यांत पुढे, गाइडच्याही वरताण ओरडत होती. मधल्या संथ पाण्यात लाइफ जॅकेटच्या भरवशावर उड्या मारायला मिळतात. पोहता न येणारा मीही उतरलो, पाठीवर पडून दोन्ही काठांची हिरवी झाडी बघत वाहत राहिलो. हा भाग खळाळांपेक्षा भारी, माझं ठाम मत.

धाकटी वयाच्या अटीत बसली नाही. ती आणि आई गाडीने शेवटच्या टप्प्यावर येऊन थांबल्या होत्या. आईचा पहिला प्रश्न, "चष्मा कुठाय?"

चष्मा दोरीने बांधला होता. जेवायला तांदळाची भाकरी आणि पिठलं. किती खाल्ल्या ते विचारू नका. धाकटी अजून रुसलेली आहे.