दरवाजे, पुरे आणि नहर : औरंगाबादच्या नकाशाची तिसरी नोंद

जुन्या औरंगाबादचा नकाशा आखण्याच्या या टप्प्यात तीन थर वेगळे झाले : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने वसवलेली खडकी (शहराचे मूळ गाव), मुघल सरदारांचे पुरे (त्यांनी वसवलेल्या वस्त्या) आणि औरंगजेबाचा 1682 चा कोट (शहराची तटबंदी). दुसऱ्या नोंदीपर्यंत सगळे एकाच रंगात होते. त्यामुळे भडकल दरवाजा कोटाच्या रेषेत जोडला गेला होता. ती रेषा आता पुसली आहे. भडकल 1612 चा, मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने उभारलेला. औरंगजेबाचा कोट त्यानंतर 70 वर्षांनी आला. त्या बाजूला कोटाचा दरवाजा शोधायचा तर भडकलपाशी न थांबता खाम नदीपर्यंत जावे लागते, म्हणजे बारापुल्ला दरवाजाला. महमूद दरवाजा आणि मक्का दरवाजाही खामवरच्या पुलांना लागून आहेत. पश्चिमेला दरवाजा आणि पूल ही जोडी एकत्रच नोंदवावी. पूल सोडला तर दरवाजा तिथेच का आहे, हे नकाशा सांगत नाही.

नौबत दरवाजा आणि काला दरवाजा हे दोन्ही किलेअर्कच्या खात्यात टाकले. औरंगजेबाच्या या राजवाड्याला स्वतःची तटबंदी आणि स्वतःचे दरवाजे होते. ‘बावन्न दरवाजांचे शहर’ म्हणताना मोठे दरवाजे, खिडक्या (कोटातले लहान दरवाजे) आणि हे आतले दरवाजे एकाच मोजणीत येतात आणि दोन याद्या कधीच जुळत नाहीत. तक्त्यात नावाशेजारी ‘प्रकार’ हा रकाना ठेवला की निम्मे वाद तिथेच मिटतात. बाहेरच्या मोठ्या दरवाजांची नावे त्यातून निघणाऱ्या रस्त्यावरून पडली आहेत : दिल्ली उत्तरेला, पैठण दक्षिणेला, जालना पूर्वेला. म्हणून दरवाजा पडलेला असला तरी त्या गावाचा जुना रस्ता धरून जागा बरीच जवळून ठरवता येते.

या टप्प्यातले सर्वांत मोलाचे हाती लागले ते पुऱ्यांकडून. करणपुरा बिकानेरच्या करणसिंहाचा, पदमपुरा त्याच घराण्यातल्या पदमसिंहाचा, भावसिंगपुरा बुंदीच्या राव भावसिंहाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजा जयसिंगाचा. जयसिंग दख्खनेत आला 1665 मध्ये, त्याच वर्षी पुरंदरचा तह झाला, आणि 1667 मध्ये तो बुऱ्हाणपुरात वारला. करणसिंह 1669 मध्ये गेला. म्हणजे कोट बांधायच्या वर्षी यांतले काही पुरे दीड-दोन दशके जुने होते. ‘कोटाबाहेर वसलेले पुरे’ हे वर्णन सर्रास केले जाते. क्रम लावून पाहिला तर पुरे आधीचे आहेत, कोटाने त्यांना बाहेर ठेवले. नकाशावर पुऱ्यांचा रंग कोटाच्या खालच्या थरात टाकला की हे नजरेला लगेच दिसते. मात्र ‘पुरा म्हणजे बाहेर’ असा नियम करू नये. चेलीपुरा आणि नवाबपुरा कोटाच्या आतच आहेत.

आतल्या मोहल्ल्यांची नावे शेपटावरून वाचावीत. गंज आणि मंडी म्हणजे बाजार : शहागंज, गुलमंडी. दरीबा म्हणजे एका मालाच्या दुकानांची ओळ, म्हणून पानदरीबा. देवडी म्हणजे अमीर-उमरावांचा वाडा, म्हणून दिवाणदेवडी. खाराकुआं आणि लोटाकारंजा ही दोन नावे मात्र पाण्याच्या थरात टाकली आहेत, कारण एक विहिरीच्या चवीबद्दल बोलते आणि दुसरे कारंज्याबद्दल. नहर (जुनी पाणीवाहिनी) आखताना अशी नावे बोट दाखवतात.

तारखांच्या चुका पुन्हा सापडल्या, आणि जवळपास सगळ्या एकाच जातीच्या. निजामी काळातल्या कागदांवर हिजरी आणि फसली (शेतसाऱ्याच्या हिशेबाचे वर्ष) अशी दोन वर्षे चालतात. नुसते ‘1318’ लिहिलेले असेल आणि ते हिजरी धरले तर 1900-01 येते; फसली धरले तर 1908-09. आठ वर्षांचा फरक पडतो. हैदराबाद संस्थानाच्या फसली वर्षात 590 मिळवावेत. वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासून 591. हिजरी वर्ष चांद्र असल्याने अशी सरळ बेरीज चालत नाही : आकड्याला 0.97 ने गुणून 622 मिळवा, मग हिजरी-इसवी तक्त्यावरून महिना तपासा. बीबी का मकबऱ्याच्या दारावरचे 1071 हिजरी म्हणजे सप्टेंबर 1660 ते ऑगस्ट 1661. अशा नोंदीत ‘1660-61’ असा जोडवर्षच लिहावा. एक वर्ष निवडले की पुढचा माणूस तेच पक्के मानून उतरवून घेतो.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवण्याचे काम क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक प्रणालीत चालू आहे. दोन्ही नकाशांवर ओळखता येणारे किमान 8 बिंदू घ्यावेत आणि ते चारही कोपऱ्यांत पसरलेले असावेत. सगळे बिंदू दिल्ली दरवाजा ते सिटी चौक याच पट्ट्यात घेतले तर खामच्या पलीकडचा भाग भलतीकडे सरकतो. बिंदू दगडी बांधकामाचेच घ्या : दरवाजाच्या कमानीचा मध्य, मशिदीचा कोपरा. नदीचे वळण कधीही घेऊ नये, पात्र सरकते. तळ्याचा काठही टाळावा. दिल्ली दरवाजाजवळचे खिजरी तलाव, आजचे सलीम अली सरोवर, पाण्याच्या पातळीप्रमाणे आकार बदलते. फोनवरचे जीपीएस मोकळ्या जागी 5 मीटरपर्यंत बरोबर येते. जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत भिंतींमुळे ते 15 ते 20 मीटर भटकते. तिथे आधी मोकळ्या चौकात बिंदू घ्यावा आणि पुढचे अंतर फितीने मोजावे.

दरवाजांची मापे घेताना उंची रस्त्यापासून मोजू नका. डांबराचे थर चढत गेल्याने कमान बुटकी भरते आणि एकाच काळातल्या दोन दरवाजांची मापे वेगळी दिसतात. कमानीच्या माथ्यापासून कमान जिथून वळायला लागते त्या दगडापर्यंत मोजावे. हे माप रस्ता बदलला तरी बदलत नाही. रुंदी दोनदा घ्यावी, एकदा बाहेरून आणि एकदा आतून.

आता नहर. नहर-ए-अंबरीची रेषा हर्सूलच्या बाजूने शहरात उतरते. पाणी नुसत्या उताराने येते, भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून, आणि वाटेत दगडी बंबे (पाण्याचे उभे मनोरे) लागतात. बंबात पाणी वर चढते, अडकलेली हवा निघून जाते, नळावरचा दाब कमी होतो आणि गाळ खाली बसतो. पाणचक्कीची नहर वेगळी आहे. ती उत्तरेच्या डोंगरातून येते आणि तिच्याच पाण्यावर जाते फिरत असे. दोन्ही नहरींना एकच रंग देण्याची चूक आमच्या पहिल्या नकाशात होती. आता बंबे हेच ठिपके धरून रेषा जोडतो आहोत. जिथे दोन बंबांच्या मधोमध उतार उलटा दिसतो, तिथे बहुधा मधला एक बंब राहून गेलेला असतो. म्हणून उंची फोनवरून न घेता पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन्ही टोकांची पातळी जुळवून घ्यावी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, तेव्हा नळी आधी पूर्ण भरून दोन मिनिटे लोंबती ठेवा.

बंद पडलेल्या भागांत दोन कारणे दिसतात. झाडाची मुळे सांध्यांतून शिरतात आणि चुनखडीचा थर आतून नळ भरत आणतो. मुळांचा मारा झाडाच्या जागेवरून ओळखता येतो. चुनखडी फुटलेल्या खापरीच्या काठावर पांढऱ्या वळ्यांच्या रूपात दिसते. तुकडा उचलू नये, जागेवरच पट्टी ठेवून फोटो घ्यावा.

पुढच्या टप्प्यात रोशन गेट आणि कटकट गेटच्या बाजूची पूर्वेची कोटरेषा. तिकडे भिंत फारशी उरलेली नाही, म्हणून बुरुजाचा पाया, गल्लीचा अचानक आलेला वळसा आणि घरांच्या मागच्या सलग भिंती असे तीन पुरावे वेगवेगळ्या चिन्हांनी नोंदवायचे ठरले आहे. एकाच पुराव्यावर आखलेली रेषा तुटक राहील, दोन जुळले की ती सलग करायची.