पद्मिनी घेऊन कोकणात: शिशाचं टेन्शन सोडा, कुंभार्लीचं घ्या

आधीच सांगतो, समुद्र, मोदक, सूर्यास्त यातलं काही इथे मिळणार नाही. पुणे, ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर, बागमांडल्याची जंगल जेटी (गाड्या खाडीपलीकडे नेणारी फेरीबोट), पलीकडे वेसवी, केळशी, दापोली, दाभोळची जेटी, गुहागर, चिपळूण आणि कुंभार्ली चढून कऱ्हाडमार्गे घरी. पाच दिवस, ऐन मे महिना, वडलांची ८६ सालची प्रीमियर पद्मिनी. पहिले चार दिवस मस्त गेले, विषय संपला. पाचव्या दिवसाबद्दल लिहायचंय.

निघायच्या आधी ज्याला विचारावं तो एकच रेकॉर्ड लावायचा. जुनी गाडी अनलेडेडवर, म्हणजे बिनशिशाच्या पेट्रोलवर, लांब नेऊ नकोस, वॉल्व्ह सीट (वॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडा) खाल्ली जाईल, हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम निघेल. तर मीही घाबरून शिशाच्या ऐवजी टाकायच्या अॅडिटिव्हची बाटली घेतली, ९०० रुपये. डोकं मात्र वापरलं नाही. चार महानगरांत अनलेडेड आलं १९९५ ला, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसंवालं पेट्रोल मिळतच नाही. म्हणजे आमची गाडी पंचवीस वर्षं बिनशिशाचंच पितेय, आणि मी आता बाटली घेतोय!

शिशाचा उपयोग खोटा नव्हता. त्याचा पातळ थर सीटवर बसायचा, त्यामुळे तापलेला एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटला चिकटून तिचे कण उपटत नसे. पण हा त्रास होतो तो तासन्‌तास फुल थ्रॉटल दामटल्यावर, आणि जास्त करून बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेली असते तिथे. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, सीटची रिंग वेगळी बसवलेली. शिवाय ४०-४२ घोड्यांची गाडी केळशीच्या रस्त्यावर पळून पळून पळणार किती?

आता पाचवा दिवस. गुहागरहून चिपळूणला येताना गाडी दोनदा खोकली. चोक जरा ओढला की सुधरायची, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. चिपळूणला एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून अर्ध्या मिनिटात निकाल दिला, पंप गेलाय. पंप, मजुरी आणि ‘जुन्या गाडीचं काम’ असं काहीतरी मिळून ४,२०० रुपये. जुना पंप परत मागितला तर आधी सापडेना, मग टेबलाखालून निघाला. पैशांपेक्षा जास्त डोक्यात गेलं ते हे की या भानगडीत सकाळ गेली आणि घाटाला लागलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

पोफळी गेलं आणि चढ लागला. पुढे लोडेड ट्रक, मागे एसटी, मी सेकंडला, तापमानाचा काटा वर वर चाललेला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर अॅक्सिलरेटर पोकळ झाला, दोन झटके आणि बंद. ऐन वळणावर. बायकोने उतरून मागच्या चाकाला दगड लावला, एसटीवाल्याने जे काय म्हणायचं ते म्हटलं. बॉनेट उघडलं तर पारदर्शक फिल्टरमध्ये पेट्रोल नाहीच, नुसते बुडबुडे, उकळत्या चहासारखे. आणि पंप नवा कोरा, सकाळीच बसवलेला.

स्कूटरवरून एक काका चालले होते ते थांबले. पस्तीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवून आता गावी परतलेले. पंपाला हात लावून पटकन मागे घेतला आणि म्हणाले, “पंपाला काय नाय झालंय हो, पेट्रोल उकळतंय. पाणी हाय काय?” डिकीतला पंचा भिजवून पंपाला आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पाइपला गुंडाळला, डिस्ट्रिब्युटरवर थेंब पडू देऊ नका म्हणून मला दम दिला, आणि बिडी पेटवायला स्वतः वीस पावलं लांब जाऊन उभे राहिले. वीस मिनिटांनी गाडी हाफ स्टार्टरला चालू. मी शिशाचा विषय काढला तर हसायलाच लागले. “आमच्या टॅक्श्या शेवटी सीएनजीवर चालल्या, त्याच्यात कुठलं शिसं? हेडचं काम निघायचं तेव्हा निघायचं, म्हणून कोण धंदा बंद करून बसलं काय?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माथ्यावर पोचेपर्यंत आणखी दोनदा पंचा भिजवला.

घरी आल्यावर राहवेना म्हणून औषधाच्या मापाने काचेच्या बाटलीत १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घातलं, हलवून ठेवून दिलं. पाण्याचा थर १० वर राहायला हवा ना? तो ३० च्या जवळ पोचला. वरचं सगळं इथेनॉल पाण्याने ओढून घेतलं होतं. हेच ते ई२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पेट्रोलमधले हलके भाग त्याच्याही आधी, आणि पद्मिनीचा पंप बसतो थेट तापलेल्या इंजिनावर. काकांच्या जमान्यातही ओला फडका लागायचाच, घाट काही नवीन नाही. पण इथेनॉलने मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), जुनं रबर फुगतं आणि टाकीतला गंज सुटून फिल्टरमध्ये येतो, हे तिन्ही त्रास नवे आहेत आणि बाटलीवाले याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

तर जाणाऱ्यांनो, बाटली घेऊ नका. त्या पैशात टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदला, साधा काळा नको, फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो तोच मागा. पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) दुकानात वीस वर्षं पडून असलेल्या किटमधला घेऊ नका, इथेनॉलमध्ये तो फार टिकत नाही. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकून बघा, मी आल्यावर टाकला आणि खोकला गेला. पारदर्शक फिल्टर दोन जास्तीचे ठेवा, माझा दापोलीपर्यंतच चॉकलेटी झाला होता. पाच लिटर पाणी आणि पंचा हाताशी, डिकीच्या तळाला नाही. पेट्रोलचा पाइप आणि मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेल्या तापणाऱ्या धुराच्या नळ्या) यांच्यात बोटभर तरी अंतर आहे का ते निघायच्या आधी बघा. कुंभार्ली सकाळी सातच्या आत चढा, दुपारी चढूच नका, आणि घाट चढून झाल्या झाल्या चहासाठी इंजिन बंद करू नका, पाच मिनिटं नुसतं चालू ठेवा. बंद केलं की पंखा थांबतो आणि पंप खरा तापतो तो तेव्हा. जेटीच्या रांगेतही बॉनेट उघडं ठेवा, लोक बघतात, बघू देत.

सीटची शंका जातच नसेल तर फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी टॅपेटचा, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेला बारीक गॅप मोजत राहा. सीट खाल्ली गेली की वॉल्व्ह आत बसतो आणि गॅप कमी होतो, म्हणजे टॅपेटची टकटक आपोआप बंद झाली तर खुश होऊ नका, ते वाईट लक्षण. मी जायच्या आधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा थंड इंजिनावर मोजले. आठही तिथेच, केसभरही फरक नाही.

या आठवड्यात टाकी उपसून ते पेट्रोल स्कूटरला घालतोय आणि कार्ब्युरेटरचं बाऊलही रिकामं करतोय. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार, तेवढ्यात हे इथेनॉल हवेतलं पाणी पिऊन टाकीच्या तळाला बसू शकतं.