नागपूरच्या हवेत बांबूचं धनुष्य

माझं पहिलं धनुष्य वाकलेलंच राहिलं, दुसरं हातात तुटलं. तिसरं आता मानेवाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या खुंटीवर दोरी उतरवून टांगलेलं असतं. तिन्ही एकाच बेटातल्या बांबूची. फरक मुख्यतः वाळवणीचा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तेही अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेऊन. त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. भाच्याला म्हटलं, आपण धनुष्य करू. तो म्हणाला, "मामा, चाकं कुठून आणायची?" त्यानं टीव्हीवर पाहिलेलं कंपाउंड धनुष्य होतं, टोकांना चाकं असलेलं. नुसत्या बांबूतून आणि शेतातल्या दोरीतूनही बाण सुटतो, हे त्याला दाखवायचंच असं मी तेव्हा मनाशी ठरवलं.

धनुष्यासाठी जुन्या काळापासून धामणीचं लाकूड नावाजलेलं आहे. लवचिक आणि चिवट. पण ते जंगलातलं, त्याच्या वाटेला मी गेलो नाही. उमरेड तालुक्यात मोठेबाबांच्या शेताच्या धुऱ्यावर मानवेल जातीच्या बांबूचं बेट आहे. जंगलाबाहेर वाढलेला बांबू २०१७ मध्ये वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे तो तोडायची चिंता नव्हती. मानवेल आतून जवळजवळ भरीव असते, तिची भिंत जाड, म्हणून धनुष्याला कामाची. कोवळी काठी मऊ पडते. निदान तीन वर्षांची, हिरवेपणा उतरून पिवळसर व्हायला लागलेली काठी घ्यायची.

पहिल्या वेळी दिवाळीत तोडली आणि मला धीर धरवला नाही. चारच दिवसांत चिरून, तासून दोरी चढवली. मोठेबाबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "अबे, ओला हाय तो अजून. वाकन, पन सरळ होनार नाही." तसंच झालं. संध्याकाळी दोरी उतरवली तरी धनुष्य कमानीसारखंच राहिलं, ओढीत जोरच उरला नाही.

चिरायचं कसं ते नागपुरातल्या एका बुरडदादांनी शिकवलं. कोयता लावून काठी उभी चिरत गेलं की चीर एका अंगाला पळते आणि एक फाक बारीक होत जाते. दादा तेवढ्यात थांबायचे, जाड फाकेला गुडघ्यानं जास्त वाकवायचे, आणि चीर आपोआप मध्यावर यायची. पाच मिनिटांत त्यांनी पाच फुटांची काठी सरळ दोन भागांत करून दिली. त्यांच्या तळहाताला कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

दुसऱ्या वेळी उलटं झालं. ओलेपणाची इतकी धास्ती घेतली होती की फाक एप्रिलपासून गच्चीवर पत्र्याखाली ठेवली. आपल्याकडचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंश आणि हवेत ओल नावाला नाही. बांबू हाडासारखा वाळला. शिवाय पाठीवरच्या गाठी डोळ्यांना खुपत होत्या म्हणून मी त्या कानशीनं सपाट केल्या. बांबूचे सगळ्यात दाट आणि मजबूत धागे सालीलगत असतात. धनुष्य ओढताना ताण पाठीवरच, म्हणजे निशाण्याकडच्या बाजूवर येतो. तेच धागे मी गाठीपाशी कापून टाकले होते. बावीस इंच ओढलं असेल, फटाक्यासारखा आवाज झाला आणि वरची बाजू गाठीतूनच गेली. भाचा मागे उभा होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तिसऱ्या वेळी काठ्या कार्तिकात तोडल्या, भुंगा लागू नये म्हणून तीन आठवडे विहिरीजवळच्या टाक्यात बुडवून ठेवल्या, मग चिरून घरी आणल्या. फाका सावलीत, दाराआडच्या कोपऱ्यात उभ्या केल्या. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो. सुरुवातीला ९४० ग्रॅम. मग ८६०, ७९०. फेब्रुवारीत ६४० वर आली आणि तीन रविवार तिथेच राहिली. वजन घटायचं थांबलं की वाळवण झाली. हा साधा काटा मला आधी सुचला असता तर दोन बांबू वाचले असते.

मग घडवणं. लांबी ६४ इंच, पाठीची साल जशीच्या तशी, गाठींना हातही नाही. काढायचं ते सगळं पोटाकडून, आधी कोयत्यानं, मग कानशीनं, शेवटी फुटक्या काचेनं. काचेनं खरवडलं की बांबूची कुरळी, पारदर्शक साय निघते. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते दाराच्या चौकटीला मूठ टेकवून, लांब सैल दोरीनं हळूहळू ओढून बघायचं. जिथे वाकत नाही तिथेच पाच-सहा ओढे काच फिरवायची, मग तीस वेळा थोडं थोडं ओढायचं, म्हणजे काढलेलं बांबूला समजतं. खालची बाजू हट्टी निघाली, तिच्यावरच चार संध्याकाळ गेल्या.

गडचिरोली-बस्तरकडे दोरीसुद्धा बांबूच्या कामटीचीच लावतात. मला ती जमली नाही. पोळ्याला बैलांच्या दोरांसाठी मोठेबाबा अंबाडी सडवून वाक, म्हणजे सालीचे धागे, काढतात, त्यातला थोडा मागून घेतला. दोन पदर मांडीवर उजवीकडे पिळत एकमेकांवर डावीकडे वळायचे, म्हणजे पीळ सुटत नाही. वरून मेण. धनुष्याच्या ओढीच्या चौपट वजन दोरीनं पेलायला हवं. माझी ओढ लटकत्या काट्यावर साडेबारा किलो भरली, म्हणून गोठ्याच्या आड्याला दोरी बांधून तांदळाचा ५० किलोचा कट्टा लटकवला. रात्रभर राहिला.

बाणांसाठी बांबूच्या बाजूच्या बारीक फांद्या. त्या सरळ करायला पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे निखारे उत्तम, आच मंद आणि सारखी. आधी गाठीपाशी शेकून वाकडेपणा काढायचा, थंड होईपर्यंत धरून ठेवायचं, मग मधला भाग. दोरीची खाच गाठीच्या जरा वर कापायची, म्हणजे चीर गाठीपाशी अडते. पिसं गावठी कोंबड्याची, तिन्ही एकाच पंखाची. रानपक्ष्यांची पिसं वापरायची नाहीत, कायद्यानंही आणि मनानंही. टोकाला बाभळीचा बोथट गोळा लाखेनं बसवला. बारा बाण केले, वजनात जुळले सात, प्रत्येकी १८ ते २० ग्रॅम.

धानाच्या तणसाच्या पेंढ्या रचून, मागे मोकळं वावर बघून, एप्रिलच्या सकाळी पहिला बाण भाच्यानं सोडला. वीस पावलांवरून पेंढीत घुसला. तो माझ्याकडे वळून नुसता हसला.

एक गोष्ट मात्र नंतर कळली. मे महिन्यात धनुष्य बेडरूममध्ये टांगलं होतं, कूलरच्या वाऱ्यात. आठवड्याभरानं ओढलं तर सैल. काटा अकरा किलोवर. बाहेर जमीन भाजत होती आणि आत कूलरच्या ओलीनं बांबूनं पाणी ओढलं होतं. तेव्हा ते हॉलमध्ये हलवलं, पंख्याखाली. बारा दिवसांत पुन्हा साडेबारा.

आता पावसाळ्यात त्याला दोरी चढवत नाही. या कार्तिकात तोडायच्या दोन काठ्यांवर भाच्यानं आत्ताच खडूनं खूण करून ठेवली आहे. त्यातली एक त्याची, आणि कॅलेंडरवर वजनं तोच लिहिणार आहे.