डुकराच्या बरगड्या: शिजणे वेगळे, मऊ होणे वेगळे

डुकराच्या बरगड्या मी पहिल्यांदा ओव्हनमध्ये भाजल्या, तेव्हा तापमापकाने मांसाच्या आत ६३ अंश सेल्सिअस दाखवताच ट्रे बाहेर काढला आणि नियमाप्रमाणे तीन मिनिटे थांबलो. मांस खाण्यास सुरक्षित झाले होते, पण दातांनी ओढूनही ते हाडापासून सुटेना.

चूक तापमापकाची नव्हती. श्वासोच्छ्वासाबरोबर सतत हलणाऱ्या या भागात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन भरपूर असते, आणि त्याचे मऊ जिलेटिन होण्यासाठी मांस साधारण सत्तर अंशांच्या वर बराच वेळ राहावे लागते. म्हणून आता मी ओव्हन १३० अंशांवर ठेवतो, बरगड्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतो आणि आतले तापमान नव्वदच्या पुढे जाईपर्यंत उघडून पाहत नाही. कण्याजवळच्या आखूड बरगड्यांना अडीच तासांच्या आसपास लागतात, पोटाकडच्या लांब व अधिक चरबीच्या बरगड्यांना त्याहून जास्त. हाडांच्या आतल्या बाजूचा चिवट पापुद्रा मात्र आधीच चमच्याच्या दांड्याने उचकटून, कागदी रुमालाने पकडून ओढून काढावा. सॉसमध्ये साखर असल्याने तो शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच लावावा, नाहीतर करपतो. मांस हाडावरून आपोआप गळून पडावे असे अनेकांना वाटते. मला मात्र ते जास्त शिजलेले वाटते.

पोषणाचे आकडे पाहताना हाडांचे वजन वगळावे लागते. लांब बरगड्यांच्या १०० ग्रॅम शिजलेल्या मांसात सुमारे ४०० कॅलरी, २९ ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम चरबी असते, म्हणजे दोन तृतीयांश कॅलरी एकट्या चरबीतून येतात. त्या चरबीपैकी सुमारे ११ ग्रॅम संपृक्त असते. रोजच्या जेवणात हे बसत नाही. तरी ब-१ जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त आणि ब-१२ यांसाठी हे मांस चांगलेच आहे. ब-१ पाण्यात विरघळते, त्यामुळे बरगड्या आधी उकळून ते पाणी फेकून देण्याची पद्धत मला पटत नाही. चवही त्याच पाण्याबरोबर जाते.

फॉइलमध्ये साठलेला रस मी गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी वर गोठलेला चरबीचा पांढरा थर सहज उचलता येतो, आणि खाली उरलेला थरथरता रस सॉसमध्ये घालतो.