तुम्ही विचारलंत म्हणून: संध्याकाळी सातची भूक

लेडीज डब्यात, सोसायटीच्या जिन्यात, बालवाडीच्या गेटवर, सगळीकडे मला एकच विचारतात, ताई तुम्ही दोघं नोकरीला, दोन लहान मुलं, तरी घरचं चांगलंचुंगलं खाणं जमतं कसं आणि ह्या महागाईत परवडतं कसं? कांजूरमार्ग गेलं की मला दाराशी जाऊन उभं राहावं लागतं, त्यामुळे उत्तर दरवेळी अर्धवट राहतं. म्हणून आज नीट लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे की घराचं बजेट जेवणाने बिघडत नाही, मधल्या भुकेने बिघडतं. वरणभात, पोळीभाजी ह्यात कोणी कर्जात गेलं नाही. पण संध्याकाळी सातला भांडुपला उतरायचं, पाळणाघरातून पोरांना घ्यायचं, घराचं कुलूप काढायचं, तेव्हा त्यांना लागलेली भूक दहा मिनिटंसुद्धा थांबणारी नसते आणि आपल्यात कुकर लावायचं त्राण नसतं. त्या दहा मिनिटांत बिस्किटाचा पुडा फुटतो, वेफर्स येतात, नाहीतर फोनवरून काहीतरी मागवलं जातं आणि मग नऊला केलेलं जेवण ताटात तसंच राहतं. आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललं होतं. एका महिनाअखेरीला नवऱ्याने आणि मी वहीत सगळं मांडलं तर पुडे, वेफर्स आणि ऑर्डरी मिळून खर्च जवळजवळ किराण्याएवढा निघाला.

पैशांपेक्षा मोठा धक्का धाकटीने दिला. चार वर्षांची होती, जिना चढताना दमायची, उचलून घे म्हणायची, आणि एक दिवस मी तिला गॅलरीतल्या भिंतीचा पोपडा नखाने खरवडून तोंडात टाकताना पाहिलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.2, त्या वयात ते 11 च्या खाली असू नये. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, दूध किती पिते? मी म्हटलं चार कप, जेवत नाही ना म्हणून देते. त्या म्हणाल्या, आधी ते कमी करा. मला हे खरंच माहीत नव्हतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, दुधाने पोट भरतं आणि जास्त झालं तर बाकी खाण्यातलं लोह अंगी लागायलाही ते आड येतं. संध्याकाळी सगळ्यांबरोबर तिलाही कपभर चहा मिळायचा तोही बंद झाला, कारण चहाचंही तेच. लोहाचं औषध तीन महिने दिलं, दुधाबरोबर कधीच नाही, लिंबाच्या सरबताबरोबर. तीन महिन्यांनी 11.4 आलं तेव्हा तो रिपोर्ट हातात धरून मी रडले.

तेव्हापासून रात्री ओटा पुसायच्या आधी काहीतरी भिजत घालायचं म्हणजे घालायचंच. मटकी, मूग, चवळी, हरभरे, जे डब्यात असेल ते. मटकी सकाळी उपसायची, ओल्या पंचात घट्ट बांधून चाळणीत ठेवायची, की मुंबईच्या दमट हवेत रात्रीपर्यंत पांढरे मोड डोकावतात. फक्त पावसाळ्यात जरा दुर्लक्ष झालं तर चिकट होऊन वास येतो, म्हणून एकदा धुवायची आणि मोड आले की लगेच फ्रीजमध्ये. पाव किलो मटकी आमच्याकडे पस्तीस-चाळीस रुपयांना मिळते आणि मोड आल्यावर दुपटीच्या वर भरते, चौघांना दोनदा पुरते. लहान मुलांना कच्चे मोड देऊ नका, एक शिट्टी काढूनच ठेवा. मग सातला घरात शिरलं की वाटीत उकडलेली मटकी, त्यावर कांदा, कोथिंबीर, मीठ, लिंबू, पाच मिनिटांत दोघांच्या हातात. लिंबू चवीपुरतं नाही हं, त्यातल्या सी जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह जास्त लागू पडतं. ही वाटी म्हणजे आमच्या जेवणाची सुरुवातच. नंतर वरणभात थोडा कमी खाल्ला तरी माझं काही म्हणणं नसतं.

मटकी नसेल त्या दिवशी उकडलेलं अंडं, सात-आठ रुपयांत सहा ग्रॅम प्रोटीन, नाहीतर भाजणीचं थालीपीठ. भाजणी सासूबाई गावाहून पाठवतात, पण दादरला पाकीटही चांगलं मिळतं, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. अख्खे शेंगदाणे-फुटाणे मात्र धाकटीला पाच वर्षांची होईपर्यंत दिले नाहीत, घशात अडकतात. कूट करून दिलं.

दूध कमी केल्यावर आई म्हणाली, अगं हाडांचं काय? त्यावर नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढ्या दुधात साधारण एकशेवीस. आंबील, भाकरी, धिरडं, कशातही जाते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी मी आता आणतच नाही. एप्रिल 2024 मध्ये सरकारनेच ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या यादीतून काढा, कारण आपल्या अन्न कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. पाकिटामागचं बारीक वाचायची सवय लावून घ्या. जो पदार्थ सगळ्यात जास्त असतो त्याचं नाव आधी लिहिलेलं असतं, म्हणजे साखर पहिल्या-दुसऱ्या नंबरवर दिसली की पुडा परत ठेवायचा.

मासे परवडत नाहीत म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की पापलेट-सुरमईकडे बघूच नका. मांदेली, बोंबील, बांगडा घ्या, कोळणीकडे बाजार उठायच्या वेळेला गेलात तर वाटाही मोठा मिळतो. जून-जुलैत बंदी असते तेव्हा सुका जवळा. कांदा-टोमॅटोत परतलेला जवळा आणि तांदळाची भाकरी दिली की माझी मुलं पावसाळ्यात दुसरं काही मागत नाहीत.

बाहेर जाताना नियम तोच, भूक लागायच्या आधी हातात काहीतरी हवं. राणीच्या बागेत जातो तेव्हा पिशवीत थालीपिठं, काकडी, केळी आणि घरचं पाणी असतं. पेंग्विन बघून झाले की झाडाखाली बसून खातो, आणि मग बाहेर पडल्यावर दोघांनी एकेक गोष्ट निवडायची, वडापाव म्हणा, आइस्क्रीम म्हणा, त्यावर मी चकार शब्द काढत नाही. पोट भरलेलं असलं की पोरं एकावर थांबतात. हॉटेलात बसायचंच तर उडुप्याकडे इडली-सांबार, गरम असतं, तिखट कमी, चौघांचं भागतं. पावसाळ्यात गोळा आणि गाडीवरची पातळ चटणी मात्र नाही, पाण्याचा भरवसा नसतो.

आणि हमखास येणारा शेवटचा प्रश्न, मुलं खातच नसतील तर? मी जबरदस्ती करायची थांबले. नको असलेल्या भाजीचा एक चमचा ताटात असतो, खाल्ला तर खाल्ला, नाही तर उचलून मी खाते. थोरल्याने दुधी वर्षभर बाजूला सारला, अगदी बोटाने ढकलून ताटाच्या कडेला. गेल्या श्रावणात सासूबाई आल्या होत्या, त्यांनी डाळ घालून केलेली दुधीची भाजी त्याने खाल्ली, आणि वाटी पुढे करून म्हणाला, आजी अजून आहे का गं?