फोटो कोणी उघडलाच नव्हता

२०२३ च्या सप्टेंबरची १६ तारीख, शनिवार. मंगळवारी गणपती, हायवेवर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग आणि मी कुडाळच्या ऑफिसात एकटाच. मालवण-तारकर्लीच्या होमस्टेंची बुकिंग साईट आम्ही सांभाळतो, पाहुणे त्यावर आधारकार्डाचे नि समुद्राचे फोटो टाकतात आणि सर्व्हर आपोआप त्यांचे थंबनेल, म्हणजे छोटे फोटो, बनवतो.

त्या सोमवारी, ११ तारखेला, गूगलने क्रोमचा तातडीचा अपडेट काढला होता. वेबपी नावाच्या प्रकारातले फोटो वाचणाऱ्या लिबवेबपी लायब्ररीत मेमरीची चूक, ॲपल आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबने कळवलेली, आणि तिचा गैरफायदा घेणारा कोड बाहेर वापरात आहे असं गूगलनेच सांगितलेलं. मी गुरुवारी रात्रीच सर्व्हर अपडेट करून रिस्टार्ट मारला आणि सुटलो म्हटलं.

शनिवारी सकाळी चुकचुकल्यासारखं झालं म्हणून थंबनेलवाली प्रोसेस नेमकी कुठली फाईल धरून बसलीय ते बघितलं, तर सिस्टीमची नवीन लायब्ररी तिथे नव्हतीच! थंबनेल बनवणारं पायथनचं पिलो हे पॅकेज स्वतःच्या फोल्डरात लिबवेबपीची वेगळी कॉपी घेऊन येतं, आणि ती जुनीच. पोटात गोळा आला. त्याच सर्व्हरवर लोकांची आधारकार्डं.

आधी अपलोड बंद केलं. पाच मिनिटांत एका होमस्टेवाल्या अण्णांचा फोन, फोटो चढत नाही, सीझन आहे, काय चाललंय. मी म्हटलं, अण्णा, पाहुण्याने चार माणसं सांगितली, तुम्ही एक खोली काढून ठेवली आणि आली आठ, ती न विचारता शेजारच्या खोलीत घुसली आणि तिथल्या माणसाचं सामान हलवून आपलं मांडलं, तर? इथे तसंच आहे, फोटो दाबून लहान करायला वापरलेल्या हफमन कोडच्या तक्त्याला लायब्ररी ठरावीक जागा राखते, मुद्दाम बिघडवलेला फोटो त्याहून मोठा तक्ता बनवायला लावतो आणि वरचं सगळं शेजारच्या मेमरीत लिहिलं जातं. "पण तो फोटो उघडला कोणी?" कोणीच नाही अण्णा, थंबनेल बनवताना सर्व्हरच उघडतो. ते गप्प झाले, मग म्हणाले, "कर बाबा, वेळ घे."

पिलोचं १०.०.१ आदल्याच दिवशी आलं होतं, त्यात लिबवेबपी १.३.२. ते बसवायला दहा मिनिटं, बाकी दिवस गेला लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, चाळण्यात. प्रोसेस एकदाही क्रॅश झालेली दिसली नाही, पण हल्ला नीट जमला तर क्रॅश होईलच असं नाही ना, म्हणून डेटाबेसचे पासवर्ड नि सगळ्या कीज बदलल्या. ऑफिसातलं चॅटचं डेस्कटॉप ॲप इलेक्ट्रॉनवर बनलेलं, म्हणजे त्याच्या पोटात अख्खं क्रोमियम आणि लिबवेबपीची आणखी एक कॉपी, तेही अपडेट केलं.

मधे आईचा फोन, "झिला, जेवाक येतलस काय नाय?" माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान आणायचं तसंच राहिलेलं.

पाचला अपलोड चालू केलं. पहिला फोटो आला, कुणीतरी पावसातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा टाकलेला, वेबपीच. थंबनेल बनला. मी परत एकदा प्रोसेसने धरलेली फाईल बघितली, नवीन होती, आणि मग आईला फोन लावला.